धोरण कोण लिहिते?

“बी.ए. झाल्यावर पुढे काय?” हा प्रश्न कला शाखेच्या विद्यार्थ्याची पाठ सोडत नाही. एस.टी.त शेजारी बसलेले गृहस्थ विचारतात, लग्नकार्यात मामा विचारतात, आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर आपण स्वतःलाही विचारतो. उत्तरेही ठरलेली असतात: बी.एड., पोलीस भरती, तलाठ्याची परीक्षा, एम.पी.एस.सी. मुलगी असेल तर आणखी एक उत्तर असते, आणि ते तिला विचारून दिले जात नाही. यांपैकी कोणतेही उत्तर कमी प्रतीचे आहे असे मला म्हणावयाचे नाही. परंतु या यादीत नसलेले एक उत्तर गेल्या वर्षी राज्यशास्त्राच्या तासाला माझ्या कानांवर पडले. त्याचा पाठपुरावा करताना जे काही समजले, ते माझ्या मित्रमैत्रिणींपुढे ठेवावे एवढाच या लेखाचा हेतू. ते उत्तर म्हणजे सार्वजनिक धोरण, अर्थात ‘पब्लिक पॉलिसी’ या विषयातील पदव्युत्तर शिक्षण.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे माहितीपत्रक, शिफारसपत्र, प्रवेशपरीक्षा या गोष्टी मला कोणी घरी सांगितल्या नाहीत. विचारत विचारत जमवाव्या लागल्या. ज्यांच्या घरी सांगणारे कोणी आहे त्यांना पुढील मजकूर बाळबोध वाटेल. त्यांनी तो खुशाल सोडून द्यावा. ज्यांच्या घरी कोणी नाही, त्यांच्यासाठी हे लिहिले आहे.

धोरण म्हणजे काय?

एखाद्या सार्वजनिक प्रश्नाबाबत सरकारने काय करावे व काय करू नये, याविषयीचा विचारपूर्वक निर्णय म्हणजे धोरण. व्याख्या सोपी आहे, पण तिच्यातून काही बोध होत नाही. म्हणून आपल्याच मातीतले उदाहरण घेऊ.

१९७० ते १९७३ या काळात महाराष्ट्रात सतत अवर्षण पडले. त्यातील १९७२-७३ चे वर्ष सर्वांत भीषण. मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. रस्ते, नालाबांध, पाझर तलाव अशी कामे निघाली. माझी आजी तेव्हा सोळा वर्षांची, नुकती लग्न होऊन आलेली. आमचा माण तालुका पडला दुष्काळी. ती खडी फोडायला जात असे. कामावर सुकडी मिळायची आणि घरी मिलोची भाकरी व्हायची, हे तिने आम्हांला शंभरदा सांगितले आहे.

आता या प्रसंगाकडे धोरणाच्या दृष्टीने पाहू. दुष्काळ पडला की काम काढायचे आणि पाऊस पडला की बंद करायचे, ही जुनी रीत. तिला आपण मदत म्हणतो. पण वि. स. पागे यांनी वेगळा विचार मांडला. खेड्यातील माणसाला दुष्काळ असो वा नसो, अंगमेहनतीचे काम मागण्याचा हक्क का असू नये? सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात या कल्पनेचा लहान प्रयोग झाला; १९७२ साली राज्याची रोजगार हमी योजना आली; १९७७ साली विधिमंडळाने कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम द्यावयाचे, न दिल्यास बेकारभत्ता द्यावयाचा, हे त्यातील तत्त्व. पुढे २००५ साली केंद्र सरकारने देशभरासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, त्याच्या पाठीशी महाराष्ट्राचा हा अनुभव होता.

पैसा कोठून आणला, हे तर अधिक मनोरंजक आहे. १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला आणि शहरांतील नोकरदार व व्यावसायिक यांच्याकडून येणारा पैसा या योजनेकडे वळविण्यात आला. आपल्या प्राध्यापकांच्या पगारपत्रकावर दर महिन्याला जी लहानशी कपात दिसते, तिच्या मुळाशी आमच्या आजीसारख्यांची खडी आहे, हे बहुधा त्यांनाही ठाऊक नसेल!

धोरणाचा अभ्यास म्हणजे या सगळ्याचा अभ्यास. प्रश्न कोणता, तो कोणाचा, उपाय कोणकोणते, खर्च किती, पैसा कोण देणार, अंमलबजावणी कोण करणार, आणि शेवटी लाभ खरोखर कोणाला झाला? या शेवटच्या प्रश्नाला मूल्यमापन म्हणतात आणि तोच सर्वांत अवघड. एक नमुना पाहा. १९८८ साली या योजनेवरील मजुरीचे दर सुमारे दुप्पट झाले. आपण म्हणू, उत्तम झाले. पण त्यानंतर योजनेवरील रोजगार घटला. लोकांना कामाची गरज उरली नाही म्हणून घटला, की खर्च वाढल्यामुळे कामेच कमी निघाली म्हणून? नुसत्या भाषणाने याचे उत्तर मिळत नाही. हजेरीपट, अंदाजपत्रक, पावसाचे आकडे आणि मजुरांशी बोलणे, हे सर्व एकत्र करावे लागते. अर्थतज्ज्ञांनी ते केले, तेव्हा मागणी असूनही कामे अपुरी पडू लागल्याची चिन्हे त्यांना दिसली. हेतू चांगला असूनही परिणाम उलटा होऊ शकतो, हा या विषयाचा पहिला धडा.

हा विषय आला कोठून?

स्वतंत्र विद्याशाखा म्हणून हा विषय अमेरिकेत वाढला. हार्वर्ड विद्यापीठात १९३६ साली लोकप्रशासनाची पदव्युत्तर शाळा निघाली; १९६६ मध्ये तिला जॉन केनेडी यांचे नाव देण्यात आले. १९५१ साली हॅरॉल्ड लास्वेल यांनी ‘धोरणविज्ञाने’ ही कल्पना मांडली: अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, संख्याशास्त्र या सर्वांनी एकाच प्रश्नाभोवती बसावे. योगायोग असा की, ज्या १९३६ साली हार्वर्डची शाळा निघाली त्याच साली मुंबईत समाजकार्याची सर दोराबजी टाटा पदव्युत्तर शाळा सुरू झाली. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. पुण्यात त्याआधीच, १९३० साली, गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली होती. धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक. तेथील वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरील ग्रंथ १९७१ साली आला आणि ग्रामीण भागात सार्वजनिक कामे काढून रोजगार द्यावा, हा विचार त्यात होता.

पण नाव नसले तरी काम त्याच्याही आधीचे आहे. १८८२ साली जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून आणि शिक्षणावरचा खर्च मात्र होतो वरच्या वर्गांवर, हा त्यांचा मुद्दा. आणि निदान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही त्यांची मागणी. पैसा कोणाचा, खर्च कोणावर, आणि बदल काय करावा! धोरणाचे टिपण याहून वेगळे काय असते?

१९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. तेथे त्यांनी अर्थशास्त्र शिकले, प्रांतिक वित्तव्यवस्थेवर ग्रंथ लिहिला, आणि १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. ज्यांच्यावर धोरण राबविले जाते त्यांच्यातील एकजण धोरण लिहिणाऱ्यांच्या बाजूला जाऊन बसला की काय घडते, हे आपल्याला त्यांच्याकडे पाहून कळते.

कोठे शिकता येते?

टाटा संस्थेच्या हैदराबाद केंद्रात सार्वजनिक धोरण व शासन या विषयाचे एम.ए. आहे. बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यालयाने २०१४ पासून दोन वर्षांचा धोरणाचा अभ्यासक्रम सुरू केला. त्यासाठी कायद्याची पदवी लागत नाही. मुंबई विद्यापीठाचा अर्थशास्त्र विभाग आता अर्थशास्त्र व सार्वजनिक धोरण या दोन्ही नावांनी ओळखला जातो. मुंबई व दिल्लीच्या आय.आय.टी.तही या विषयाचे शिक्षण आहे. खाजगी विद्यापीठेही बरीच आहेत, परंतु त्यांचे शुल्क पाहून मी पान उलटले.

कला शाखेच्या विद्यार्थ्याला दोन भीती वाटतात, मलाही वाटतात. एक इंग्रजीची आणि दुसरी गणिताची. केंद्रीय विद्यापीठांची व अनेक संस्थांची सी.यू.ई.टी.-पी.जी. ही सामाईक परीक्षा २०२२ साली सुरू झाली. तिच्या प्रश्नपत्रिका इंग्रजी व हिंदीत असतात, मराठीत नसतात. बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकलेल्या उत्तराला वजा एक.  बंगळूरच्या परीक्षेत पर्यायी प्रश्नांबरोबर लेखनही करावे लागते. प्रवेश मिळाल्यावर संख्याशास्त्र व सूक्ष्म अर्थशास्त्र हे विषय चुकत नाहीत. यावर उपाय एकच, आणि तो आपल्या हातातला आहे: दहावीचे अंकगणित पुन्हा काढावे, सरासरी, टक्केवारी, आलेख यांचा सराव करावा, आणि रोज एका इंग्रजी अग्रलेखाचा मराठीत चार ओळींचा सारांश लिहावा. मी सहा महिन्यांपासून हे करते आहे. इंग्रजी सुधारले की नाही ते सांगवत नाही, पण भीती कमी झाली आहे हे नक्की.

वर्षांचा हिशेबही आधीच करावा. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे आपण तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडू शकतो किंवा चौथे वर्ष करून ऑनर्स घेऊ शकतो. तीन वर्षांनंतर एम.ए. दोन वर्षांचे, ऑनर्सनंतर ते एक वर्षाचेही असू शकते. परदेशात, विशेषतः अमेरिकेत, अनेक विद्यापीठे चार वर्षांची पदवी मागतात. तेव्हा तिसऱ्या वर्षाच्या शेवटी नव्हे, तर आत्ताच ठरवावे. परदेशातील अर्जांची मुदत बहुधा आदल्या वर्षीच्या डिसेंबर-जानेवारीतच संपते. आपल्याकडील सामाईक परीक्षेचे अर्जही साधारण त्याच सुमारास निघतात. म्हणजे टी.वाय.चे पहिले सत्र संपण्यापूर्वीच तयारी झालेली हवी. नियम दरवर्षी बदलतात, म्हणून मित्राने सांगितले यावर न जाता त्या वर्षाचे माहितीपत्रक स्वतः वाचावे.

अर्जात काय लागते?

गुणपत्रके, दोन किंवा तीन शिफारसपत्रे, आपला हेतू सांगणारे निवेदन आणि दाखले, असे अर्जाचे चार भाग धरावेत.

शिफारसपत्राबद्दल आपल्याकडे गैरसमज आहे. ते मोठ्या पदाच्या माणसाचे असावे असे आपल्याला वाटते. कोणी आमदारांचे पत्र आणू म्हणतो, कोणी साखर कारखान्याच्या चेअरमनचे. अशा पत्राचा उपयोग नाही. ज्या शिक्षकाने आपले लेखन वाचले आहे, आपल्याशी वाद घातला आहे, त्याचे पत्र हवे. त्यासाठी आधी शिक्षकाने आपल्याला ओळखले पाहिजे, आणि त्यासाठी शेवटचा बाक सोडला पाहिजे! पत्र मागताना निदान महिनाभर आधी मागावे आणि सोबत आपली गुणपत्रके व एखादा निबंध द्यावा.

दाखल्यांबद्दल मी अधिक कळकळीने लिहिते, कारण आमच्या गल्लीतील एका ताईचे वर्ष यात गेले. ती परीक्षा उत्तीर्ण झाली होती. तिच्याकडे नॉन-क्रिमिलेअरचा दाखला होता, पण तो राज्याच्या नमुन्यातील होता. केंद्रीय संस्थेला केंद्राच्या नमुन्यातील दाखला लागतो. हे तिला मुदतीच्या चार दिवस आधी समजले. चार दिवसांत दाखला मिळाला नाही. तिचे पुढे लग्न झाले. ती हुशार होती, आजही आहे. कमी पडला तो एक कागद. म्हणून उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर किंवा आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला यांचा नमुना आणि मुदत दिवाळीच्या सुट्टीतच तपासून ठेवावी. हा सल्ला या लेखातील सर्वांत नीरस आहे आणि बहुधा सर्वांत उपयोगी.

हेतूचे निवेदन

अर्जातील खरी परीक्षा येथे आहे. पाचशे ते हजार शब्दांत सांगावयाचे असते की, तुम्ही कोण, हा विषय तुम्हांला का शिकावयाचा आहे, आणि शिकून काय करणार. माझा अर्ज अजून वर्षभर दूर आहे, पण आमचे राज्यशास्त्राचे सर म्हणाले, “आत्ताच लिहून बघ.” मी लिहिले. सुरुवात अशी केली की, लहानपणापासून मला देशसेवेची आवड असून समाजाच्या सर्वांगीण विकासासाठी झटण्याची माझी तळमळ आहे. सरांनी कागद वाचला आणि विचारले, “यावरचे तुझे नाव खोडले, तर हे कोणी लिहिले ते ओळखू येईल का?” मी गप्प बसले.

दुसऱ्या वेळी आजीबद्दल लिहिले. ‘१९७२ च्या दुष्काळात सरकारने केलेल्या मदतीमुळे आमचे कुटुंब जगले,’ असे वाक्य होते. रात्री ते आजीला वाचून दाखविले. तिला वाटले होते मी तिचे कौतुक केले असेल. ती एकदम रागावली.

“मदत कसली लिहितीस गं? आमी काय फुकटचं खाल्लं न्हाय. खडी फोडली, माती वाहिली. काम केलं, तवा पैसं घेतलं.”

मी म्हटले, “बरं आजी, खोडते.” ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “आन् लिवायचंच आसंल तर ह्ये लिव्ह. तळं आमी बांधलं. पानी कुनाच्या हिरीला लागलं?”

मला उत्तर माहीत होते. गावातल्या प्रत्येकाला माहीत आहे. तलावाच्या खालच्या अंगाला ज्यांची जमीन, त्यांच्या विहिरींना पाणी लागले. तेथे पुढे ऊसही झाला. आमची दोन एकर वरच्या माळावर. ज्यांनी माती वाहिली त्यांतील बहुतेकांची जमीन एक तर माळावर होती किंवा नव्हतीच. मजुरी मिळाली आणि माणसे जगली, हे खरेच आहे. त्याचे मोल कमी नाही. पण तयार झालेली मालमत्ता मात्र ज्यांच्याकडे आधीच जमीन होती त्यांच्या वाट्याला गेली. रोजगार हमीवरील अभ्यासकांनीही हा आक्षेप नोंदविला आहे, हे मला नंतर ग्रंथालयात समजले. आजीने तो कोणत्याही पुस्तकाशिवाय नोंदविला होता.

तिसऱ्या मसुद्यात मी देशसेवा काढून टाकली आणि एवढेच लिहिले: सार्वजनिक पैशातून बांधलेल्या पाण्यावर, ते बांधणाऱ्यांचा वाटा कसा ठेवता येईल, हे मला शिकावयाचे आहे. सरांनी या खेपेस काही विचारले नाही. फक्त दोन ठिकाणी शुद्धलेखन दुरुस्त केले.

मित्रहो, प्रत्येकाच्या घरात असा एक प्रश्न असतो. कोणाच्या घरी रेशनकार्डावरील कमी झालेल्या नावाचा, कोणाच्या घरी बंद पडलेल्या वस्तीशाळेचा, कोणाच्या घरी पीकविम्याचा. आपण तो रडगाणे समजून सोडून देतो. निवेदनात हाच प्रश्न लिहावा. आपली गरिबी दाखविण्यासाठी लिहू नये. ती दाखवून दया मिळेल, प्रवेश मिळणार नाही. आपल्याला प्रश्न नेमका दिसतो हे दाखविण्यासाठी लिहावा.

पैशाचे काय?

आप्पांनी एकच अट घातली आहे: जमिनीवर कर्ज काढायचे नाही. ही अट मला मान्य आहे, म्हणून शिष्यवृत्तींची माहिती मी अर्जाच्या आधी गोळा केली. देशात शिकण्यासाठी मागास प्रवर्गांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. परदेशासाठी अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना राज्याची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे आणि केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीही आहे; इतर प्रवर्गांसाठीही राज्याच्या योजना आहेत. काही शिष्यवृत्तींना आधी नोकरीचा अनुभव लागतो: ब्रिटनच्या चिव्हनिंगला सुमारे दोन वर्षांचा. म्हणजे पदवी झाल्यावर एखाद्या संस्थेत सर्वेक्षणाचे काम केले तर ती वर्षे फुकट जात नाहीत, हेही घरी समजावून सांगता येते.

आणि शिकून काय होणार? संशोधन संस्था, स्वयंसेवी संस्था, लोकप्रतिनिधींना विधिमंडळाच्या कामात साहाय्य करणारी पदे, असे मार्ग आहेत; राज्य शासनाने २०१५ साली मुख्यमंत्री फेलोशिपही सुरू केली. तलाठ्याच्या नोकरीसारखी शाश्वती मात्र यात नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मी घरी तसेच सांगितले. आईने विचारले, “मग कशाला?” त्याचे पुरते उत्तर मला अजून देता येत नाही. एवढेच म्हणाले की, आपल्या गावाच्या तळ्याचा कागद ज्या टेबलावर तयार झाला, तिथे आपल्यातले कोणी नव्हते. आई काही बोलली नाही. दिवाळीत आलेल्या स्थळाला मात्र आप्पांनी “पोरगी शिकतीय अजून” असे कळविले, हे मला दोन दिवसांनी आजीकडून समजले.

अर्ज स्वीकारला जाईल की नाही हे पुढच्या वर्षी कळेल. नाकारला गेला तरी बी.एड. आहे, परीक्षा आहेत. जग संपत नाही. पण वाचकांपैकी एखाद्याला किंवा एखादीला हे वाचून दाखल्याची तारीख तपासावीशी वाटली, किंवा घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एक प्रश्न विचारावासा वाटला, तर हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे मी समजेन. कोणाला माहितीपत्रके पाहावयाची असल्यास ग्रंथालयात दुपारी खिडकीजवळच्या टेबलावर मी असते. अवश्य यावे.

(द्वितीय वर्ष, कला)